मुख्यसेविका परीक्षा : तयारी कुठून सुरू करू?

प्रश्न : मी नागपूरला राहते, समाजकार्याची पदवी घेतली आहे. अंगणवाडी मुख्यसेविकेच्या परीक्षेसाठी मराठी, इंग्रजी, गणित, बुद्धिमत्ता करते आहे, पण तांत्रिक विषयाचं पुस्तक उघडलं की गोंधळते. काय करू?

उत्तर : ताई, गोंधळ बहुतेकींचा होतो, कारण सगळ्या पाठांतराच्या मागे लागतात. एकात्मिक बाल विकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975ला सुरू झाली, तिच्या सेवा सहा, एवढं पाठ करावंच लागतं. खरी पकड मोजमापात हवी. वयाच्या मानाने वजन कमी असेल तर मूल कमी वजनाचं, वयाच्या मानाने उंची कमी असेल तर खुजं, आणि उंचीच्या मानाने वजन कमी असेल तर लुकडं. या तिन्हींची गल्लत हमखास होते. सहा महिने ते पाच वर्षांच्या बाळाचा दंडघेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषित.

एक सुचवते. वस्तीतल्या अंगणवाडीत सेविकाताईंची परवानगी घेऊन एक सकाळ बसा. वजनकाटा, वाढीचा तक्ता आणि सेविकांच्या मोबाइलमधलं पोषण ट्रॅकर अ‍ॅप डोळ्यांसमोर दिसले की पुस्तकातली पानं आपोआप उलगडतात.

कायद्यांत मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा पोक्सो (2012), बालविवाह प्रतिबंध (2006) आणि कौटुंबिक हिंसाचार (2005) आधी घ्या. पोक्सोत गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणं बंधनकारक आहे, हे विसरू नका.

महागड्या क्लासची घाई नको. आधी जाहिरातीतला अभ्यासक्रम छापून भिंतीवर लावा.