चित्रपट पाहावा कसा?

मुलांनो, चित्रपट पाहून आल्यावर तुम्ही म्हणता, "छान होता!" पण का छान होता, हे सांगता आले तरच ते मत होय.

१९१२ साली दादासाहेब फाळके यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडे थोडे चित्रण करून अंकुराची वाढ पडद्यावर दाखविली. किंचित बदलत जाणारी स्थिर चित्रे झरझर सरकवावयाची, हीच आजच्या ॲनिमेशनपटाचीही युक्ती. सेकंदास सामान्यतः २४ चित्रे सरकतात आणि निर्जीव रेषा चालू-बोलू लागते.

आता सोलापूर जिल्ह्यातील जेऊरचे नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' (२०१३) घ्या. जातीमुळे जब्याला गावासमक्ष डुकरे पकडावी लागतात, सोबती हसतात. शेवटी तो दगड भिरकावतो, तो थेट प्रेक्षकाच्या दिशेने! त्या सोबत्यांबरोबर आपणही हसलो होतो काय?

रोज समोर असूनही अंकुराची वाढ आपणांस दिसत नाही. जब्याचे दुःखही दिसत नाही. न दिसणारे जो दाखवितो तो चित्रपट चांगला, मग तो रेषांचा असो वा माणसांचा. तुमचे मत काय? सकारण सांगा.