येणारंही चुकतंय, परीक्षा सोडू का?

प्रश्न : बी.ए. करून तीन वर्षांच्या एलएल.बी.च्या सीईटीची तयारी करतेय. सराव परीक्षेत गुण वाढायचे सोडून घटताहेत. झोप लागत नाही, पुस्तक उघडलं की रडू येतं. सोडून देऊ का?
– एक विद्यार्थिनी, जामखेड

उत्तर : परीक्षा सोडू नकोस, सराव पेपर मात्र आठवडाभर खुशाल सोड. गुण घटले म्हणजे केलेलं वाया गेलं असं नाही. झोप मोडली की वाचलेलं डोक्यात टिकत नाही, म्हणून आधी रात्रीची जागरणं बंद.

मग जुने पेपर काढ आणि प्रत्येक चुकीपुढे कारण लिही : माहीतच नव्हतं, घाईत ‘नाही’ हा शब्द निसटला, की बरोबर उत्तर ऐनवेळी खोडलं? शेवटच्या दोन कारणांना जास्त अभ्यास हा उपाय नव्हे. शिवाय क्लॅट या विधी प्रवेश परीक्षेत कापतात तसे या सीईटीत चुकीला गुण कापत नाहीत. मग एवढी धास्ती कशाला?

आणि जे माहीतच नव्हतं, त्याचं काय? तुझ्याच गावात डॉक्टर आरोळे दांपत्याने 1970 मध्ये सुरू केलेल्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पात निरक्षर बायका आरोग्यसेविका झाल्या. जामखेडला शिकायचं, गावी जाऊन इतरांना सांगायचं, ही त्यांची रीत. तूही रोज एक कलम घरात कुणाला तरी समजावून सांग. जिथं अडशील, तेवढंच पुन्हा वाच.

दोन आठवड्यांत झोप-भूक सुधारली नाही तर डॉक्टरांना भेट. जगणंच नकोसं वाटलं, तर मात्र त्याच क्षणी घरच्यांना सांग आणि टेलि-मानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर फोन कर.