पीओ निघण्याआधीचा खर्च कोणाचा?

नागापूर एमआयडीसीत प्रेस शॉप चालवणाऱ्या आमच्यासारख्यांकडे मोठी कंपनी आधी पर्चेस ऑर्डर घेऊन येत नाही. आधी ड्रॉइंग येतं, मग फोन: ‘साहेबांनी मंजूर केलंय, तुम्ही डाय लावायला घ्या, पीओ निघतेच आहे.’ पुण्याकडच्या एका कंपनीने तर मला लेटर ऑफ इंटेंटही दिलं. डी-टू पोलाद आणून डाय केली. त्यांच्या क्वालिटीवाल्याने नमुने व्हर्नियर लावून मोजले, कडेची बर बोटाने चाचपली, पास केले. मग दर उतरवण्याची घासाघीस लांबत गेली आणि एक दिवस कळलं, काम दुसरीकडे गेलं.

वकिलांनी ते पत्र वाचून बाजूला ठेवलं. पुढे करार करण्याचा मनसुबा, एवढीच अशा पत्राची किंमत. सर्वोच्च न्यायालयाने ड्रेसर रँड विरुद्ध बिंदल अ‍ॅग्रो खटल्यात (२००६) हेच सांगितलंय. जर्मनीच्या दिवाणी संहितेत बोलणी चालू असतानाही समोरच्याच्या हिताची काळजी घ्यायचं कर्तव्य आहे. आपल्या १८७२च्या करार कायद्यात तसं सरसकट कलम नाही. बोलणी कोणीही सोडू शकतो. मला हे आजही पुरतं पटत नाही, पण पत्रा घेताना मीही चार ठिकाणी दर विचारतोच की!

हाती उरलं कलम ७०. फुकट करायचं नव्हतं असं काम तुम्ही रीतसर केलं आणि समोरच्याने त्याचा लाभ घेतला, तर त्याने भरपाई द्यायची. आमचे नमुने त्यांनी असेंब्लीत बसवून चाचणी घेतली होती, तसा त्यांचाच ईमेल होता. त्यावर तडजोड होऊन नमुन्यांचे पैसे आले. डायचे नाही, ती आमच्याच शेडमध्ये होती, त्यांनी तिचं काही घेतलं नव्हतं. फसवणुकीचा दावा करायचा, तर काम द्यायचंच नव्हतं हे दाखवावं लागतं. कोणाच्या मनातलं कसं दाखवणार?

आता पोलाद आणण्याआधी मी एक ओळ ईमेलवर मागतो: ‘पीओ न निघाल्यास डायचा खर्च कंपनी देईल आणि डाय घेऊन जाईल.’ काम द्यायचं असलं की लोक ही ओळ लिहून देतात. टाळाटाळ झाली, तर चहा घेऊन उठावं.

स्वतःच्या मोबाइललाही तितकंच जपा. ट्रायमेक्स विरुद्ध वेदांता खटल्यात (२०१०) बॉक्साइटचा सौदा ईमेलवरच पक्का धरला गेला, रीतसर करारावर सह्या व्हायच्या होत्या तरी. दर, नग, मुदत ठरल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेला ‘ओके’ आपल्यालाही बांधू शकतो. बोलणी चालू असतील तर ‘लेखी ऑर्डरशिवाय बंधन नाही’ हे कोटेशनवरच छापून घ्या, आणि दराची मुदत लिहा. पत्रा महागला, तर समोरच्याने होकार पाठवण्याआधी जुना दर मागे घेतल्याचं लेखी कळवा. नंतर कळवून उपयोग नाही.