ईयोबाचे मित्र आणि ईयोबाचा सोडविणारा

(शास्त्रपाठ. वाचावयाचे अध्याय : ईयोब १, २, १९ व ४२, रूथ ४)

मंडळींतील एखाद्या घरीं मूल दगावतें, किंवा ऐन पेरणीच्या वेळीं बैल मरतो. गांवकरी म्हणतात, ‘कुळदैवत सोडलें, त्याचें हें फळ.’ आमच्यांतीलच कोणी म्हणतो, ‘ह्या घरांत कांहीं गुप्त पाप असलें पाहिजे.’ शब्द निराळे, पण दोघांचा हिशेब एकच : ज्याला दुःख झालें तो दोषी. देवाचा न्याय असाच आहे काय, हें आपण ईयोबाच्या पुस्तकावरून पाहूं.

ऊस देशांतील ईयोब नीतिमान् व देवभीरु होता. त्याचीं ७,००० मेंढरें, ३,००० उंट, ५०० बैलजोड्या व ५०० गाढवी हें सर्व धन एका दिवसांत गेलें. त्याच दिवशीं घर कोसळून ७ मुलगे व ३ मुली मेलीं. पुढें त्याच्या अंगभर गळवें उठलीं. ह्याचें कारण वाचकाला पहिल्या दोन अध्यायांत कळतें. ईयोबाला मात्र तें कधींच सांगितलें जात नाहीं.

अलीफज, बिल्दद व सोफर हे मित्र त्याच्या समाचाराला आले. ७ दिवस व ७ रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर निमूट बसले. तेवढें त्यांनीं चांगलें केलें. मग तोंड उघडलें, आणि देवाची बाजू घेण्याच्या भरांत त्यांनीं दुःखिताला आरोपी केलें. ईयोब रडला, देवाशीं भांडला, पण त्यानें देवाकडे पाठ फिरविली नाहीं. अखेरीस देवानें ईयोबालाही प्रश्न करून नम्र केलें. परंतु मित्रांचा आरोप खरा ठरविला नाहीं. उलट त्याचा कोप मित्रांवर झाला, व त्यांच्यासाठीं ईयोबालाच प्रार्थना करावी लागली.

पापाचा परिणाम भोगावा लागत नाहीं, असें आम्ही म्हणत नाहीं. दारूनें घर बुडतें, हें सर्वांस दिसतें. परंतु तेवढ्यावरून प्रत्येक दुःख दुःखिताच्या पापानेंच येतें, असें ठरत नाहीं. जन्मांधाविषयीं (योहान ९) आणि शिलोहामांतील बुरूज पडून मेलेल्या १८ जणांविषयीं (लूक १३) प्रभूनें हा हिशेब साफ नाकारिला.

मग ईयोबाला आधार कशाचा? १९ व्या अध्यायांत तो ‘गोएल’ हा इब्री शब्द योजितो. गरिबीमुळें विकलेली भाऊबंदाची जमीन सोडविणारा, दास झालेल्या आप्ताला मोकळें करणारा जवळचा नातलग, तो गोएल. नामीचें शेत बवाजानें असेंच सोडविलें, व रूथला आपल्या घरीं घेतलें. ज्याची जमीन सावकाराकडे अडकली आहे, त्याला ह्या शब्दाचा अर्थ सांगावयास नको. आपला असा सोडविणारा जिवंत आहे, अशी राखेंत बसलेल्या ईयोबाची खात्री होती. तो सोडविणारा आम्ही ख्रिस्ताच्या ठायीं ओळखतों. तो निर्दोष असून वधस्तंभावर मेला. दुःख हीच दोषाची खूण मानली, तर त्यालाही दोषी म्हणावें लागेल!

शेवटीं ईयोबाचीं गुरेंढोरें दुप्पट झालीं, पण मुलें पूर्वींइतकींच झालीं : ७ मुलगे व ३ मुली. गेलेल्या लेकराच्या जागीं दुसरें ठेवून हिशेब पुरा होत नाहीं, हें प्रत्येक आई जाणते. त्या दुःखाची आशा पुनरुत्थानांत आहे.

म्हणून उपदेशकबंधूंनो, दुःखिताच्या घरीं जाल तेव्हां कारण शोधूं नका. आधीं जवळ बसा. पाणी भरून द्या, भाकर पोंचवा, पेरणी राहिली असल्यास आपला बैल द्या. मग त्याच्याबरोबर प्रार्थना करा, व सोडविणाऱ्याचें नांव सांगा.

विचारार्थ प्रश्न :
१. मित्रांनीं कोणती गोष्ट चांगली केली व कोणती वाईट?
२. ईयोबाच्या दुःखाचें कारण देवानें त्याला कां सांगितलें नसावें?
३. आपल्या मंडळींत आज कोणाच्या घरीं जाऊन बसावयास पाहिजे?