धरून ठेवणं आणि अडून बसणं

आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ३३ ते ३५



अठराव्या अध्यायात भगवान एकेक गोष्ट घेऊन तिचे तीन प्रकार सांगतात. ज्ञान, कर्म, कर्ता, बुद्धी असं करत आज आपण धृतीपाशी आलोय. धृती म्हणजे धरून ठेवण्याची ताकद. चिकाटी, जिद्द, 'सोडायचं नाही'. आपण तिला सरसकट चांगलंच समजतो. माझा हा समज मागच्या मे महिन्यात कलावंतीण दुर्गावर मोडला.

एकटाच निघालो होतो. आईला मात्र सांगितलं, "ग्रुप आहे." पहाटेची लोकल पकडायची ठरवली होती, पण आदल्या रात्री ऑफिसचं काम लांबलं आणि बेलापूरहून निघायलाच आठ वाजले. पनवेलला उतरून रिक्षाने ठाकूरवाडी गाठली आणि चढायला लागलो तेव्हा दहा वाजून गेले होते. पाणी दोन लिटर. प्रबळमाचीला पोचेपर्यंत त्यातलं दीड संपलं.

माचीवर एका घरासमोर बसून लिंबू सरबत घेतलं. तिथल्या मावशी म्हणाल्या, "दादा, ऊन उतरू द्या, मग जा." मी हसून "हो हो" म्हणालो आणि निघालो. बाटली भरून घ्यायचंही सुचलं नाही.

कलावंतीण साधारण सव्वादोन हजार फूट. आकडा मोठा नाही, पण प्रबळगड आणि कलावंतीण यांच्यामधल्या खिंडीतून वर कातळात खोदलेल्या उंच पायऱ्या आहेत. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. पावसाळ्यात तिथे शेवाळ असतं. उन्हाळ्यात दगड इतका तापतो की आधाराला हात ठेववत नाही. निम्म्या पायऱ्या चढलो आणि पोटरीत गोळा आला. डोकं ठणकत होतं. घाम यायचा थांबला होता आणि हे लक्षण चांगलं नव्हे एवढं मला माहीत होतं. तरी मन म्हणत होतं : इतका आलोयस, आता वीस मिनिटं. फोटो नको का? सोमवारी ऑफिसात काय सांगणार?

तिथे मला श्लोकबिक काही आठवला नाही. खाली पाहिलं, बाटलीतलं दोन घोट पाणी पाहिलं आणि एकदम वाटलं, इथे मी पडलो तर आई कुठल्या ग्रुपला फोन लावणार? तसाच बसून बसून एकेक पायरी उतरलो. माचीवर मावशींनी काही न बोलता तांब्या पुढे केला. ते न बोलणं मला जास्त लागलं.

आता श्लोकांकडे वळू. ३३ व्या श्लोकातली सात्त्विक धृती मन, प्राण आणि इंद्रियं यांच्या क्रिया ढळू न देता सांभाळते. ३४ व्यातली राजस धृतीही धरूनच ठेवते, अगदी घट्ट, पण आसक्तीने, फळाकडे डोळा ठेवून. ३५ वा श्लोक तामस धृतीचा. झोप, भय, शोक, विषाद आणि मद यांना ती सोडतच नाही. म्हणजे पायरीवर जी मला वर ढकलत होती तीसुद्धा धृतीच होती. पण ती शरीर सांभाळत नव्हती, फोटो सांभाळत होती. आणि मावशींचं ऐकू न देणारा होता तो मद.

इथे एक शंका येते. अर्जुनही माघारच घेत होता ना? मग भगवंतांनी त्याला का अडवलं? उत्तर याच यादीत आहे. अर्जुनाला मागे ओढत होते शोक आणि विषाद. पहिल्या अध्यायाचं नावच अर्जुनविषादयोग. म्हणजे पुढे जाणं श्रेष्ठ आणि मागे फिरणं हलकं, असं गीता म्हणत नाही. ती विचारते, तुला धरून ठेवलंय कशाने?

माझी माघार सात्त्विक होती असा माझा दावा नाही. ती भीतीने आणि संपलेल्या पाण्याने शिकवलेली अक्कल. पण घरी आल्यावर एक गोष्ट मुद्दाम सोडली. आईला खरं सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. कडा उतरण्यापेक्षा ते अवघड गेलं.

आजचा अभ्यास : आपण 'जिद्द' म्हणून धरून ठेवलेली एक गोष्ट आठवूया. एखादं भांडण असेल, नोकरी असेल, एखादा शब्द असेल. ती सोडली तर नेमकं काय जाईल? उत्तर 'लोक काय म्हणतील' एवढंच आलं, तर ३४ वा श्लोक पुन्हा एकदा सावकाश वाचूया.

कलावंतीण तिथेच आहे. थंडीत जाईन. पहाटे निघून, सोबत घेऊन, आईला सांगून.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥