सात मिनिटं आणि पाच तास

पहिल्यांदा आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धेला निघालेल्या मुलामुलींना सगळे एकच विचारतात : भाषण पाठ झालं का? मला हा प्रश्नच घातक वाटतो. स्पर्धा म्हणजे आपली सात मिनिटं, एवढंच त्यातून मनात पक्कं बसतं. प्रत्यक्षातला हिशेब करून पाहा. वीस संघ आले आणि प्रत्येकाचे दोन वक्ते, म्हणजे चाळीस भाषणं. प्रत्येकी सात मिनिटं धरली तरी २८० मिनिटं होतात. त्यात नावं पुकारणं, चहा, जेवण मिळवलं की पाच तास कुठेच गेले नाहीत. त्यातली सात मिनिटं तुम्ही बोलणार. पहिल्या स्पर्धेतून तुमच्या हाती काय लागणार, ते मात्र उरलेल्या वेळावर ठरतं. तो वेळ बहुतेक नवे वक्ते वाया घालवतात, आणि त्याबद्दलच मला सावध करायचं आहे.

आपल्याकडच्या मराठी वादविवादाची रचना अनेक ठिकाणी अशी असते : एका संघाचे दोघे, एक विषयाच्या बाजूने आणि दुसरा विरोधात. चिठ्ठी टाकून क्रम ठरतो. एकेक जण येतो, बोलतो, उतरतो. समोरासमोर प्रश्न नाहीत, मध्ये कुणी अडवत नाही. त्यामुळे नव्या माणसाला वाटतं, ही वक्तृत्व स्पर्धाच आहे, फक्त बाजू ठरलेली. मग तो आपला क्रमांक येईपर्यंत व्हरांड्यात कागद घेऊन पुटपुटत फिरतो, आणि बोलून झालं की सुटलो म्हणून बाहेर पडतो. दुपारनंतर सभागृहात परीक्षक, आयोजक आणि शेवटचे चार-पाच स्पर्धक एवढेच उरतात. याचा परिणाम भाषणांवर दिसतो. तिसऱ्या वक्त्याने सांगितलेली व्याख्या अकरावा सांगतो, तोच दाखला सतरावा देतो, आणि आपण शिळं बोलतोय हे दोघांनाही कळत नाही. परीक्षकाला कळतं. त्याच्या गुणपत्रिकेत विषयाची मांडणी, भाषा, सादरीकरण यांच्या जोडीला बहुधा खंडनाचाही रकाना असतो. घरून लिहून आणलेलं ‘माझे विरोधक म्हणतील’ हे वाक्य त्या रकान्यात फारसं काही मिळवून देत नाही, कारण विरोधक ते म्हणालेलेच नसतात.

हे असं का झालं, याचं एक कारण मला आपल्या परंपरेत दिसतं. पुण्यातली वसंत व्याख्यानमाला १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने सुरू झाली. तेव्हापासून गावोगावी व्याख्यान ऐकण्याची गोडी रुजली, आणि चांगलं बोलणं म्हणजे अखंड, ओघवतं बोलणं ही कसोटीही तिच्यासोबत आली. व्याख्यानाला ती योग्यच आहे. वादाची कसोटी मात्र याहून जुनी आणि वेगळी. न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत : सत्य ठरवण्यासाठी चालतो तो वाद, केवळ जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःची बाजूच न मांडता दुसऱ्याची नुसती मोडतोड करते ती वितंडा. आपल्या बोलण्यात वितंडवाद हा शब्द टिकला, पण वादाची पहिली अट मागे पडली. ती अट म्हणजे पूर्वपक्ष. समोरच्याचं म्हणणं त्यालाही मान्य होईल अशा रीतीने आधी मांडायचं, मग त्याला उत्तर द्यायचं. ऐकल्यावाचून हे शक्यच नाही.

म्हणून तयारीची पद्धतच बदलायला हवी. सावकाश, स्पष्ट बोलणारा मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द बोलतो. सात मिनिटांना आठशे शब्द पुरतात. नवा माणूस बाराशे लिहितो आणि इशाऱ्याची घंटा वाजताच धावत सुटतो. तुम्ही पाचशेच लिहा. उरलेली जागा रिकामी ठेवा आणि ती सभागृहात बसून भरा. कागदाला मध्ये उभी रेघ मारून एका बाजूला समोरच्यांचे मुद्दे आणि दुसऱ्या बाजूला तुमचं उत्तर लिहीत जा. वक्त्याचं नाव नको, त्याचा क्रमांक लिहा. दहा मुद्द्यांना तोंडदेखलं उत्तर देण्यापेक्षा सगळ्यांत भक्कम दोन निवडा.

यावर मला माहीत असलेला आक्षेप असा, की दुसऱ्यांचं ऐकत बसलं तर आपलं पाठ केलेलं विसरतं. खरं आहे, विसरतं. पण दुसऱ्याच्या एका वाक्याने जे पुसलं जातं, ते वाक्यावाक्याने पाठ झालेलं असतं, समजलेलं नसतं. चार मुद्दे आणि त्यांचा क्रम डोक्यात असेल तर शब्द हुकले तरी विचार हुकत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : बक्षिसं तर घोटून आलेल्यांनाच मिळतात. अनेकदा मिळतात, हे मी नाकारणार नाही. एकच भाषण थोडं फिरवून स्पर्धेमागून स्पर्धा करणारे वक्ते तुम्हाला भेटतील, ते तुमच्याहून सफाईने बोलतील, आणि फिरता करंडक कदाचित तेच नेतील. पहिल्या वर्षी तो जाऊ द्या. पुढे इंग्रजी संसदीय पद्धतीच्या वादविवादात उतरलात, तर आशियाई प्रकारात विषय हाती आल्यावर तयारीला साधारण अर्धा तास मिळतो, ब्रिटिश प्रकारात पंधरा मिनिटं, आणि भाषण चालू असताना प्रतिपक्ष उभा राहून प्रश्न विचारतो. तिथे घोटलेलं भाषण पहिल्याच प्रश्नाला थांबतं.

एका गोष्टीची मनाची तयारी आधीच करा. निकाल लागेल, पण तुम्ही कुठे कमी पडलात हे बहुधा कुणी स्वतंत्रपणे सांगणार नाही. बक्षीस समारंभाआधी एक परीक्षक सर्वांसाठी मनोगत मांडतात. नावं न घेता ते नेमक्या चुका सांगतात, आणि तेव्हा निम्मे स्पर्धक बाहेर असतात. तुम्ही पुढच्या रांगेत बसा, तोच कागद उलटा करून लिहून घ्या, आणि समारंभ संपल्यावर परीक्षकांना गाठून नम्रपणे एकच विचारा : माझा कोणता मुद्दा पटला नाही? परतीची शेवटची एसटी कितीला आहे, ते सकाळीच विचारून ठेवा.