नावातील अक्षर आणि संगणकाची ओळख

अर्ज, दाखले आणि पावत्या यांचे बरेचसे काम आता संकेतस्थळांमार्फत चालते. अशा यंत्रणेतील मोठे प्रश्न तज्ज्ञ सोडवितात. परंतु नागरिकाची अडवणूक बहुधा किरकोळ त्रुटींमुळे होते. नाव जुळले नाही म्हणून अर्ज परत येतो आणि हेलपाटा पडतो तो वृद्ध निवृत्तिवेतनधारकाला. या त्रुटींची कारणे आणि उपाय सर्वांनीच समजून घेणे हितावह ठरेल. त्यासाठी जुन्या हुबळीचे उदाहरण घ्यावे.

पहिला प्रश्न गावाच्या नावाचा. १ नोव्हेंबर २०१४ रोजी कर्नाटकातील बारा शहरांची नावे बदलली. त्यात हुबळीचे ‘हुब्बळ्ळी’ झाले. मराठी कुटुंबे मात्र ‘हुबळी’ असेच लिहितात. संगणकाच्या लेखी ही दोन निराळी गावे होत. म्हणून गावाचे नाव यादीतून निवडू द्यावे आणि नोंद सांकेतिक क्रमांकाने ठेवावी. हुबळीच्या रेल्वे स्थानकास २०२० साली श्री सिद्धारूढ स्वामीजींचे नाव देण्यात आले, तरी ‘यूबीएल’ हा संकेत तोच राहिला. नाव बदलावे, संकेत बदलू नये, हेच यातील तत्त्व आहे.

दुसरा प्रश्न जागेचा. ‘जुनी हुबळी’ ही वाचणाऱ्यास पाच अक्षरे दिसतात. युनिकोड पद्धतीत मात्र काना-मात्रा स्वतंत्र मोजल्या जातात. मधली मोकळी जागा धरून एकूण १० चिन्हे होतात. प्रत्येक देवनागरी चिन्हास साठवणुकीत ३ बाइट लागतात आणि मोकळ्या जागेस १. म्हणजे २८ बाइट. रकान्याची मर्यादा २० बाइट असेल, तर ‘जुनी हु’ एवढेच शिल्लक राहते व पुढे एक तुटके चिन्ह उमटते. मर्यादा ठरविताना हा हिशेब करावा.

तिसरा प्रश्न अर्ध्या ‘र’चा. ‘कऱ्हाडे’ हे आडनाव एका कळफलकावर ‘ऱ’ या स्वतंत्र चिन्हाने, तर दुसऱ्यावर ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह यांनी लिहिले जाते. कागदावर दोन्ही सारखीच दिसतात. शोध घेताना मात्र एक सापडते आणि दुसरे सापडत नाही. नोंद साठविण्यापूर्वी आणि शोधापूर्वी दोन्ही रूपे एकाच रूपात आणण्याचा नियम कार्यक्रमात घालावा.

चौथा प्रश्न अंकांचा. हुबळीच्या पिनकोडाचा आरंभ ‘५८०’ असा देवनागरीत भरला, तर अनेक कार्यक्रम तो संख्या म्हणून स्वीकारीत नाहीत. युनिकोडमध्ये ‘०’चा क्रमांक २४०६ आहे व पुढील अंक ओळीने येतात. चिन्हाच्या क्रमांकातून २४०६ वजा केले, की अंकाची किंमत मिळते. ‘५’चा क्रमांक २४११, म्हणून किंमत ५. एवढ्या वजाबाकीने अर्ज फेटाळला जाण्याचे टळते.

यंत्रणा सुरू करण्यापूर्वी अशा दहा-वीस अवघड नावांची यादी करून प्रत्येक नाव भरून, शोधून व छापून पाहावे. यादी करण्याचे काम गावातील शिक्षक उत्तम प्रकारे करू शकतील. कारण स्थानिक नावे कशी लिहिली जातात, हे त्यांना हजेरीपटावरून ठाऊक असते. अर्जदारानेही पावतीवरील आपले नाव अक्षर न् अक्षर वाचून घ्यावे व चूक तत्काळ निदर्शनास आणावी. नाव अचूक नोंदले गेले, तरच हक्काची सेवा दारापर्यंत पोहोचेल.